सड्यावर आलेली पालखी

आमच्या ग्रामदेवीशी, आई नवलाईशी, तीन वर्षं माझा अबोला होता. देवाशी कसला आलाय अबोला, असं कुणीही म्हणेल. पण होता. संध्याकाळी मी दिवा लावत असे, कारण घरात सासूबाई आहेत आणि तिन्हीसांजेला दिवा लागलेला नसला की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मात्र दिवा लावला तरी मी हात जोडत नव्हते. हे, माझे यजमान, अचानक गेले. सकाळचा चहा पिऊन कलमांना पाणी घालायला बागेत गेले, दमल्यासारखं वाटलं म्हणून झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत. मी आरोग्य केंद्रात औषधं देते. कुठली गोळी कधी घ्यायची, कुठली जिभेखाली ठेवायची, हे लोकांना समजावण्यात माझा दिवस जातो. आणि माझ्या माणसाच्या जिभेखाली एक गोळी ठेवायला मी जवळ नव्हते. त्या दिवसापासून नवलाईचं आणि माझं बोलणं बंद झालं.

आमच्याकडे शिमग्यात देवी देवळात थांबत नाही. पालखीत बसते आणि ढोलताशांसह घरोघर जाते. प्रत्येक वाडीचा दिवस ठरलेला. दारात रांगोळी काढून पाट मांडायचा, पालखी त्यावर टेकली की घरच्या मालकिणीने खण, नारळ, तांदूळ घालून देवीची ओटी भरायची, गुरवाने घरच्या सुखासाठी गाऱ्हाणं घालायचं, आणि मग अंगणात पालखी नाचवायची. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून ओटीचा मान माझा होता. सासूबाईंचे यजमान आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेले, त्यामुळे त्या दाराआड उभ्या राहून नुसत्या बघायच्या. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. ह्यांच्यामागे पहिला शिमगा आला, तेव्हा कुणी मला चकार शब्द बोललं नाही. शेजारच्या वैनी आल्या, त्यांनी ओटीचं ताट माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, आणि मीही आपण होऊन दाराआड सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. असे तीन शिमगे गेले. बाहेर गुलाल उडायचा, ढोल घुमायचा, आणि मला दाराच्या फटीतून पालखीचा एक दांडा तेवढा दिसायचा.

ह्यांच्या माघारी माझी झोप उडाली होती. आमच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या तुम्हाला मी काय सांगणार, अंग दमवा. घरात ह्यांची गिअरची सायकल होती. ती त्यांनी मोठ्या हौसेने घेतली होती आणि जेमतेम बारा दिवस चालवली होती. ती मी काढली. पोहणं लहानपणी पाली गावाकडे, माहेरच्या विहिरीत शिकलेच होते. आता सुट्टीच्या दिवशी समुद्रात जाऊ लागले. पळायला मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. पहिल्या दिवशी कुत्री मागे लागली म्हणून पळाले, हे खरं तर मोजायला नको. पुढे सवय लागली. झोप आली. घाम गाळल्यावर माणसाला रडायला वेगळी जागा लागत नाही, हेही कळलं.

मग रत्नागिरीत ट्रायथलॉन होणार असल्याचं समजलं. आधी समुद्रात दीड किलोमीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल, आणि त्यावर दहा किलोमीटर धावायचं, तेही मार्चच्या उन्हात, आमच्या चढउतारांवरून. सगळं मिळून साडेचार तासांत संपवायचं, तरच पदक. मी नाव नोंदवलं. दोन दिवसांनी घरी सांगितलं आणि वाडीत बोभाटा झाला, कारण शर्यत नेमकी आमच्या दारी पालखी येण्याच्या दिवशी होती. मुंबईचे चाकरमानी वर्षभर आधी ज्या दिवसासाठी रजा टाकतात, तो दिवस गावात राहणारी बाई विसरते, असली चूक आमच्या गावात कुणी करत नाही. मी सगळ्यांना सांगितलं, पंचांग बघायचं राहून गेलं, आता पैसे भरले, इलाज नाही. आज खरं सांगते. पंचांग बघूनच मी नाव नोंदवलं होतं. दाराआड चौथ्यांदा उभं राहणं मला नको होतं, आणि देवीच्या वाटेतून पळायला ह्याहून चांगलं निमित्त सापडलं नसतं.

सासूबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मोबाइलवर मी त्यांना शर्यतीचा रस्ता दाखवला. समुद्र, मग आरे-वारेची किनाऱ्याची वाट, आणि शेवटी धावायला आमच्या गावावरचा सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडंबोडकं कातळाचं पठार. पावसाळ्यात फुलांनी भरतं आणि मार्चमध्ये तव्यासारखं तापतं.

"सड्यावरनं म्हंजे आपल्या वाडीच्या वरल्या वळणापरेंत?" त्यांनी विचारलं.

"हो. तिथून परत फिरायचं."

"तू कितीला येशील तितं?"

"दहा तरी वाजतील, आई."

"बरं," म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं. उन्हाची काळजी वाटत असेल, म्हणून विचारलं असेल, असं मी धरून चालले.

शर्यतीच्या सकाळी साडेसहाला आम्ही पाण्यात उतरलो. मी पाण्याला घाबरत नाही, पण शेजारी शंभर माणसं एकदम हातपाय मारू लागली की विहिरीत शिकलेलं सगळं पोहणं विसरायला होतं. कुणाचा तरी पाय माझ्या नाकावर बसला. मी तोंडभर खारं पाणी प्यायले, दोन मिनिटं नुसती तरंगले, आणि गर्दी पुढे गेल्यावर माझ्या संथ चालीने निघाले. मग मात्र मजा आली. पाणी गार होतं, उजेड पसरत होता, आणि प्रत्येक श्वासाला किनाऱ्यावरची सुरूची झाडं दिसत होती. बाहेर आले तेव्हा माझ्यामागे अजून सहा जण होते, हे कळून मला भलताच हुरूप चढला.

आरे-वारेचा रस्ता किती सुंदर, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. गाडीतून तो सुंदरच आहे. सायकलवरून एक चढ संपतो न संपतो तोच पुढचा उभा राहतो, तेव्हा खालचा समुद्र बघायची कुणाला शुद्ध असते! मी पुढच्या चाकाकडे बघत पायडल मारत होते. एका वळणावर मासे घेऊन चाललेल्या दोघी बायका उभ्या होत्या. त्यातली एक ओरडली, "ओ बाय, बाकीची मान्सा गेली कदीच! आता सावकास जा!" मला इतकं हसू आलं की चढ कधी संपला ते समजलं नाही. नऊच्या सुमारास डांबर तापायला लागलं. सायकल ठेवून बूट बदलले तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. मनातल्या मनात हिशेब केला. दीड तासात दहा किलोमीटर. जमेल, कसंबसं.

आणि इथे मी घोडचूक केली. उन्हातून आलेल्या प्रत्येकाच्या हातावर मी केंद्रात मीठसाखरेची पाकिटं ठेवते, वर चार शब्दांचं व्याख्यान देते. माझी स्वतःची पाकिटं सायकलच्या पिशवीत तशीच राहिली. ते मला सड्यावर पोहोचल्यावर आठवलं. तोवर फार उशीर झाला होता.

सडा चढून वर आले आणि ऊन अंगावर कोसळलं. सावली म्हणून नाही. वाळलेलं गवत, काळा कातळ आणि मधून गेलेला रस्ता. वाटेतलं पाणी मी प्यायले, डोक्यावर ओतलं, पण अंगातलं मीठ घामाबरोबर निघून गेलं होतं. आमच्या वाडीच्या वळणावर एक पांढरी टोपी घातलेले गृहस्थ वहीत नंबर टिपत बसले होते. त्यांना वळसा घालून मी परत फिरले, पन्नास पावलं गेले असेन, आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. मी खाली बसले, म्हणजे पडलेच. रस्त्याकडेला काजूचं एक खुरटं झाड होतं, त्याच्या हातभर सावलीत सरपटत गेले. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उठायला गेले की पाय आखडायचे. आपलं संपलं, हे मला कळलं. खाली उतारावर आमची वाडी होती. ह्या वेळी दारात पालखी येऊन गेली असणार, वैनींनी ओटी भरली असणार, आणि सासूबाई एकट्याच दाराआड उभ्या राहिल्या असणार. ती एकटी उभी मूर्ती डोळ्यांपुढे आली आणि मला रडू फुटलं. मी स्वतःची सुटका केली आणि त्या म्हातारीला तिथे एकटीला टाकून आले होते.

तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा मी देवीशी बोलले. स्तोत्र नाही, प्रार्थना नाही, सरळ भांडले. म्हटलं, "घेतलंस ना सगळं? आता पायसुद्धा घे. मी कुठे पळणार आहे तुझ्यापासून? थकले ग बाई." एवढंच. ते गृहस्थ लांबून बघत होते. ही बाई कातळाशी बोलते आहे, असं त्यांना वाटलं असणार. भांडून झाल्यावर मात्र छाती मोकळी झाली. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं वाटलं, आणि मी काजूच्या खोडाला पाठ टेकून डोळे मिटले.

ढोल ऐकू आला तेव्हा मला वाटलं माझंच डोकं घुमतं आहे. मग ताशा ऐकू आला. डोळे उघडले तर वाडीच्या चढणीवरून गुलालाचा ढग वर येत होता, आणि त्यात आमची पालखी होती. आमची पालखी ह्या रस्त्याने कधी येत नाही. आमच्या वाडीतून ती पायवाटेने खालच्या वाडीत उतरते. ती आज उलटी, भर उन्हात सडा चढून वर आली होती. पुढे तात्या गुरव. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्याला ओला पंचा बांधलेला. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात वर केला आणि ढोल थांबला. चौघांनी पालखी रस्त्यात, माझ्या पायांपासून चार हातांवर टेकवली.

"काय गो सूनबाय," तात्या म्हणाले, "हितं बसलीस व्हय? आनी आमी रस्ताभर सोधतोय."

मी उठायला गेले आणि कळवळले. कुणीतरी बाटली पुढे केली. त्यात खांदेकऱ्यांसाठी आणलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, पाण्यात कालवलेला होता. मी ते घटाघटा प्यायले. मला ज्याची गरज होती ते सगळं त्यात होतं, हे मला औषधं देणारीला सांगायला नको. दोघा बायकांनी माझ्या पोटऱ्या चोळल्या. तेवढ्यात पांढरी टोपी लगबगीने आली. "ताई, स्पर्धकाला बाहेरच्यांची मदत घेता येत नाही, नियम आहे," ते बिचारे अवघडून म्हणाले.

"भायरचा कोन हाय हितं?" तात्यांनी विचारलं. "आमच्या घरची सून, आनी तिच्या घरची देवी."

त्या गृहस्थांनी पालखीकडे बघितलं, टोपी काढली आणि नमस्कार केला. वहीत त्यांनी काय लिहिलं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग तात्यांनी एका पिशवीतून ताट काढून माझ्या हातात दिलं. त्यात हिरवा खण होता, नारळ होता, ओंजळभर तांदूळ होते. "भर ओटी," म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, मी कशी भरू? तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "आमाला काय ठावं हाय ता ऱ्हाउंदे. ती तुज्याम्होरं येऊन बसलीय, तिला सांग जा, भरत नाय म्हनून." मी ताटाकडे बघितलं. स्टीलचं ताट, आमच्या लग्नात आलेलं. काठावर ह्यांचं नाव कोरलेलं. घरातून आलं होतं ते.

ओटी कशी भरली ते मला नीट सांगता येत नाही. हातांना घाम होता, गुडघे खरचटलेले होते, अंगात घामाने चिकटलेले ते शर्यतीचे कपडे आणि पोटावर नंबराचा कागद. अशा अवतारात कुणी देवीपुढे गेलं नसेल. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई नवलाय, ह्या लेकराच्या पायात बळ दे, हिच्या घरावर नजर ठेव," आणि सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" पालखीत चांदीचा मुखवटा उन्हात चमकत होता. तीन वर्षांनी मी तिच्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं होतं की ती रागावलेली असेल. तशी ती नव्हती. मी हात जोडले, आणि इतका वेळ रडणारी मी, हसायला लागले.

पालखी उचलली. ढोल सुरू झाला आणि पोरीबाळींसारखी मी पालखीपुढे निघाले. लंगडत, मग चालत, मग धावत. पाऊण किलोमीटर ते सगळे माझ्यामागून आले. आणखी दोन स्पर्धक मागून येत होते, तेही गुलालात न्हाले आणि ढोलाच्या ठेक्यावर पळू लागले. सड्याच्या टोकाला पालखीची वाट वेगळी झाली. पुढचा उतार मी एकटीच धावले, पण कानात ढोल तसाच चालू होता. शेवटच्या रेषेशी पोहोचले तेव्हा घड्याळ चार तास तेहतीस मिनिटं दाखवत होतं. तीन मिनिटं उशीर. पदकांची पेटी बंद झाली होती. टेबलाशी बसलेल्या बाईंनी माझ्या गुलालाने माखलेल्या तोंडाकडे बघितलं, हळहळल्या आणि दोन केळी दिली. मी ती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. इतकी गोड केळी मी आजवर खाल्लेली नाहीत.

दुपारी घरी आले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. अंगणात रांगोळी तशीच होती, पाटाभोवती गुलाल सांडला होता.

"गावली का गो?" त्यांनी विचारलं. पदक नाही, पालखी.

मग त्यांच्याकडून सगळं कळलं. सकाळी पालखी दारात आली. शेजारच्या वैनी नेहमीप्रमाणे ताट उचलायला पुढे झाल्या. तर सासूबाई दाराआडून बाहेर आल्या, त्यांनी ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळ्यांदेखत तात्यांना सांगितलं की आमची ओटी आज इथे भरायची नाही, ह्या घरची मालकीण सड्यावर धावते आहे, देवीला तिच्याकडे न्या. कुजबुज झाली. असं कधी होत नाही, पुढची वाडी खोळंबेल, ऊन किती आहे, सगळं झालं. तात्यांनी शेवटी पालखीपुढेच हात जोडले आणि म्हणाले, तुझी मर्जी तू दाखव. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली, तर ती पायवाटेकडे वळेना. सड्याच्या बाजूला ओढ घेतली. त्यातला एक मुंबईचा चाकरमानी सांगत होता की खांद्यावर दांडा अक्षरशः फिरला. खांदेकऱ्यांच्या मनातच ते आलं असेल, असंही कुणी म्हणेल. मी कुणाशी वाद घालत नाही. मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी आपला नुसता सांगितला. गेली ती तिची ती."

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. म्हटलं, "आई, ताट तुमच्या हातात होतं. मग तुम्हीच का नाही भरलीत ओटी?"

त्या माझ्या केसांतला गुलाल बोटांनी झटकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजी तीस वर्सा दाराआड गेली. माला सवं झाली गो त्याची. तुला होऊ द्यायची नव्हती."

मी देवीपासून पळत होते. शर्यत संपेपर्यंत मला वाटत होतं की पुढे कुठेतरी जाऊन पोहोचायचं आहे. प्रत्यक्षात मला एका काजूच्या झाडाखाली हात टेकून बसायचं होतं, म्हणजे मग ती येऊ शकणार होती. मी मागितलं होतं ते पदक मिळालं नाही, आणि जे मागायची हिंमत नव्हती ते सडा चढून आलं. तेव्हापासून मी मागणं कमी केलं आहे. दिवा लावते, हात जोडते, आणि दिवसभरात काय काय झालं ते तिला सांगते. तेवढं पुरतं.

यंदाही शर्यतीत नाव घातलं. ह्या वेळीही पंचांग बघितलं, पण दोन्ही दिवस वेगळे असल्याची खात्री करायला. वीस मिनिटं राखून पोहोचले, पदक मिळालं, ते ह्यांच्या फोटोला घातलं आहे. त्यानंतर चार दिवसांनी दारात पालखी आली. रांगोळी काढून मी ताट घेतलं आणि मागे वळून बघितलं, तर सासूबाई सवयीने दाराआड गेलेल्या. मी आत गेले, त्यांचा हात धरला आणि बाहेर आणलं. ताटाखाली त्यांचे दोन्ही हात ठेवले आणि त्यांच्या हातांखाली माझे.  तात्या गुरव तोंड दुसरीकडे करून डोळे पुसत होते. नारळ ओटीत ठेवायची वेळ आली आणि मला काही दिसेना, डोळे भरून आलेले. तेव्हा सासूबाईच कोपराने मला ढोसून म्हणाल्या, "आता रडतंस काय? ठेव म्होरं. ढोलवालं उनात ऱ्हायलंत."